खांद्याच्या सांध्याला हाडाचे कलम

खांदा निखळला की ओढून बसवून घ्यायचा आणि आठ दिवसांत पुन्हा पोती उचलायची, ही आपली जुनी खोड. पण निखळताना दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीच्या कडेवर आपटून त्याला खळगा पडू शकतो. अमेरिकेतील हिल व सॅक्स या क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० साली त्याचे वर्णन केले. तेथील गुळगुळीत कूर्चाही दुखावते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती कातडीसारखी भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये हे १७४३ सालीच सांगितले होते.

आंब्याचे कलम आपण बांधतो, हेही कलमच. गुडघ्याच्या ज्या कडेवर भार कमी पडतो, तेथून शल्यविशारद कूर्चेसकट हाडाची गोल गुल्ली नळीसारख्या हत्याराने काढतात आणि खांद्यात तेवढ्याच मापाचे भोक पाडून ती घट्ट बसवितात. खाली हाडाला हाड सांधते, वर कूर्चा जिवंत राहते. खळगा मोठा असल्यास मृत दात्याच्या हाडाचा तुकडा घेतात.

एक अडचण मात्र आम्ही लपवीत नाही: गुल्ली काढलेला गुडघा पुढे दुखू शकतो. उकिडवे बसून खुरपणाऱ्याने हे आधीच डॉक्टरांना विचारावे. सबंध सांधा झिजलेल्याला या कलमाचा उपयोग नाही. नंतर काही आठवडे हात झोळीत राहतो, जड कामाला कित्येक महिने रजा. तेव्हा सुगीच्या तोंडावर तारीख घेऊ नये.