उलगडलेल्या पत्र्याचं माप कोण ठरवतं?

नाशिकला अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत फिरलं की विजेच्या पॅनेलच्या पेट्या, स्विचगिअरचे दरवाजे, गाड्यांचे ब्रॅकेट असा पत्र्याचा माल लहानमोठ्या शेडमधून बाहेर पडताना दिसतो. गिऱ्हाईक हल्ली कागदी ड्रॉइंगपेक्षा स्टेप फाइल पाठवणं पसंत करतं. त्या फाइलमध्ये पार्ट वाकवून तयार असतो. लेसर मशीनला मात्र सपाट पत्रा कापायचा असतो. म्हणून आधी पार्ट उलगडून त्याची सपाट आकृती काढावी लागते. शॉपफ्लोअरवर तिला सगळे ‘डेव्हलपमेंट’ म्हणतात. या एका पायरीभोवती बरेच गैरसमज साचले आहेत आणि त्यांचा भुर्दंड बहुतेक वेळा जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखानदाराला पडतो.

गैरसमज: फाइल उघडली, बटण दाबलं, डेव्हलपमेंट तयार.

स्टेप हे आयएसओ १०३०३ या मानकातलं स्वरूप आहे. त्यातून आकाराची भूमिती नेमकी येते, पण तो आकार कसा घडला हे येत नाही. कुठली घडी आधी घातली, जाडी किती धरली, कोपरा कुठे उघडा ठेवला, यातलं काहीच सॉफ्टवेअरला कळत नाही. त्याच्या लेखी तो नुसता एक ठोकळा असतो. त्या ठोकळ्याला शीट मेटल पार्ट बनवायचं तर स्थिर राहणारी बाजू दाखवावी लागते, जाडी मोजून द्यावी लागते, घड्या कुठे आहेत हे सांगावं लागतं. पेटीचे कोपरे मॉडेलमध्ये चारही बाजूंनी बंद असतील तर ते कुठे फाडायचे हेही आपणच ठरवायचं. सगळ्यात महत्त्वाची अट एकसारख्या जाडीची. एखाद्या ठिकाणी जाडी २ ऐवजी १.९८ मिलिमीटर असली तरी उलगडणं तिथेच अडू शकतं. पॅनेलच्या दरवाज्यावरचे लूव्हर हेही नेहमीचं दुखणं: ते आधी मॉडेलमधून काढायचे, पार्ट उलगडायचा, मग त्यांच्या जागा सपाट आकृतीवर पुन्हा बसवायच्या.

गैरसमज: मग बाहेरून आलेला पार्ट पहिल्यापासून काढलेलाच बरा.

साध्या ब्रॅकेटसाठी आणि पेटीसाठी याची गरज नाही. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, सॉलिड एज या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळ्याचं शीट मेटलमध्ये रूपांतर करण्याची सोय आहे. नव्याने काढताना एखादं भोक सरकण्याचा धोका उलट जास्त. अपवाद एसटीएल फाइलचा. तिच्यात नुसती त्रिकोणांची जाळी असते. ती आली तर गिऱ्हाइकाकडे स्टेप मागावी, त्यात कमीपणा नाही.

गैरसमज: सोळा गेज म्हणजे सोळा गेज.

आपल्याकडे पत्र्याच्या दुकानात ‘सोळा गेज’ म्हटलं की ब्रिटिश एसडब्ल्यूजी धरलं जातं, म्हणजे १.६३ मिलिमीटर. अमेरिकेत पोलादी पत्र्याचं सोळा गेज १.५२ मिलिमीटर असतं. तिकडच्या डिझायनरने १.५२ वर मॉडेल केलेलं असतं, इथे आपण सॉफ्टवेअरमध्ये १.६ टाकतो, आणि मग पार्ट उलगडत नाही किंवा उलगडून चुकीचा येतो. जाडी बदलायचीच असेल तर वाढ आत घ्यायची की बाहेर, हे आधी गिऱ्हाइकाला विचारलं पाहिजे. आत एखादं तयार उपकरण बसणार असेल तर आतलं माप जपायचं. पेटी भिंतीतल्या खाचेत बसणार असेल तर बाहेरचं.

गैरसमज: के-फॅक्टर हा मटेरियलचा गुण आहे, एकदा ०.४४ टाकला की झालं.

पत्रा वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. मध्ये एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती हिश्श्यावर आहे, ते म्हणजे के-फॅक्टर. तो मटेरियलवर अवलंबून असतो हे खरं, पण आतला रेडियस, डायचा व्ही (तिच्यातली व्ही आकाराची खाच), वाकवण्याची पद्धत यांवरही तितकाच अवलंबून असतो. इन्व्हेंटर सुरुवातीला ०.४४ धरतं, सॉलिडवर्क्स ०.५. एकच फाइल दोघांत काहीही न बदलता उलगडली तर दोन वेगळी मापं येतील आणि दोन्ही पडद्यावर सारख्याच रुबाबात दिसतील. आकड्यापुढे तीन दशांश स्थळं असली की तो खरा वाटतो, हीच यातली खरी अडचण.

हा आकडा आपल्याच मशीनवर काढता येतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. २ मिलिमीटर पत्र्याची बरोबर १०० मिलिमीटर लांब पट्टी लेसरवर कापायची आणि रोजच्याच पंच-डायवर मधोमध ९० अंशात वाकवायची. दोन्ही बाजू व्हर्नियरने बाहेरून मोजायच्या. समजा त्या प्रत्येकी ५१.८ भरल्या. बेरीज १०३.६, म्हणजे एका घडीमागे ३.६ वजा करायचे. रेडियस गेजने आतला रेडियस २.५ निघाला, तर गणित मांडल्यावर के-फॅक्टर ०.४७ च्या आसपास येतो. हा आकडा त्या पत्र्याचा आणि त्या डायचा. डाय बदलली की पट्टी पुन्हा कापायची.

गैरसमज: मॉडेलमध्ये जो रेडियस आहे, तोच पत्र्यावर येणार.

के-फॅक्टरवर सगळे वाद घालतात, पण माझ्या मते याहून जास्त माल रेडियस बिघडवतो. आपल्याकडच्या बेंडिंग मशीनवर बहुतेक काम एअर बेंडिंगचं. त्यात पत्रा डायच्या तळाला टेकत नाही, म्हणून आतला रेडियस मुख्यतः व्हीच्या रुंदीवर ठरतो: साध्या पोलादी पत्र्याला व्हीच्या साधारण १६ टक्के, स्टेनलेसला २० टक्क्यांच्या वर. २ मिलिमीटर पत्र्याला जाडीच्या आठपट, म्हणजे १६ चा व्ही लावला की रेडियस अडीचच्या आसपास येतो. डिझायनरने मॉडेलमध्ये ०.५ दाखवला असेल तर तो फक्त पडद्यापुरता.

एकच के-फॅक्टर ०.४४ धरून हिशेब करा. रेडियस ०.५ असेल तर घडीमागे वजावट २.८३ मिलिमीटर, २.५ असेल तर ३.६९. फरक एका घडीला जेमतेम ०.८६. पण पॅनेलच्या दरवाज्याला दोन्ही कडांना दुहेरी घडी असते, म्हणजे रुंदीत चार घड्या. फरक जवळपास साडेतीन मिलिमीटरवर जातो. बॅकगेजमुळे, म्हणजे पत्रा ज्याला टेकवून वाकवतात त्या थांब्यामुळे, कडेच्या घड्या अगदी मापात पडतात आणि जादाचा सगळा पत्रा दरवाज्याच्या रुंदीत जातो. दरवाजा चौकटीत बसत नाही. तोपर्यंत लॉट कापून झालेला असतो.

म्हणून उलगडण्याआधी मॉडेलमधले रेडियस आपल्या डायप्रमाणे बदलून घ्यावेत. बाहेरची मापं तशीच राहतात, घडीच्या कोपऱ्याची गोलाई तेवढी बदलते, आणि विचारलं तर गिऱ्हाईक सहसा मान्यता देतं.

गैरसमज: पत्र्यापासून झालेली प्रत्येक वस्तू उलगडता येते.

नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची ख्याती जुनी आहे. तांब्याचा हंडा ठोकून घडवतात तेव्हा तांबट पत्रा नुसता वाकवत नाही, हातोड्याखाली तो ताणतो आणि आवळतो. गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं की पृष्ठभाग न ताणता कितीही वाकवला तरी त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्याची ही वक्रता शून्य, म्हणून त्यापासून न ताणता फक्त सपाट, नळकांड्यासारखे किंवा शंकूसारखे आकार होतात. हंडा, डीप ड्रॉइंगने काढलेली वाटी, गाडीचा फेंडर हे आकार शीट मेटलच्या नेहमीच्या आज्ञेने उलगडत नाहीत, ते यामुळेच. अशा पार्टचा ब्लँक अंदाजाने काढायला फॉर्मिंग सिम्युलेशन वेगळं असतं आणि त्यानंतरही प्रेसवर चाचणी घ्यावी लागते. डक्टचा चौकोनातून गोलाकडे जाणारा तुकडा मात्र उलगडतो. आयटीआयच्या शीट मेटल वर्कर ट्रेडमधली मुलं तो त्रिकोणीकरणाने हाताने काढायला शिकतात.

गैरसमज: माप चुकलं म्हणजे बेंडिंगवाल्याची चूक.

रिजेक्शन आलं की पहिलं बोट मशीनवरच्या माणसाकडे जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोन चुकला असेल, घडी उलट पडली असेल तर ती त्याची जबाबदारी. पण कोन बरोबर असून माप एकाच दिशेने आणि प्रत्येक नगात सारखंच जास्त भरत असेल, तर चूक जवळजवळ नक्की डेव्हलपमेंटमध्ये आहे. कुठल्या व्हीला किती वजावट लागते हे त्या माणसाच्या डायरीत पेन्सिलीने लिहिलेलं असतं. डिझाइनच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही. ते आकडे सॉफ्टवेअरच्या बेंड टेबलमध्ये एकदाच भरून घ्यावेत, आणि डेव्हलपमेंटच्या प्रत्येक ड्रॉइंगवर पत्र्याची मोजलेली जाडी, पंचाचा रेडियस आणि डायचा व्ही लिहावा. सपाट आकृतीची डीएक्सएफ फाइल लेसरकडे पाठवताना घडीच्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात, नाहीतर लेसर त्या रेषांवरूनच पत्रा कापून टाकतो.