समतेतून कोणाला वगळणार?

लोणंदच्या एस.टी. स्टँडवर एखाद्या मुलाची चाल पाहून ‘बायल्या’ म्हणून हिणवले जाते, तेव्हा आम्हाला त्यात जातीच्या शिवीचाच दर्प येतो. जन्मावरून माणूस हलका ठरविण्याचीच ही रीत! र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने समलिंगी संबंधांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली खटला चालला. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! खटला हरला, विचार हरला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संवैधानिक नैतिकतेचा दाखला देत प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. घरातली मारझोड, बळजबरीची लग्ने मात्र थांबलेली नाहीत. मुलांनो, एकटे कुढू नका. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोला. आणि विहारात वंदना घेणाऱ्या आई-बापांनो, पोराला दाराबाहेर काढण्यापूर्वी बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले होते, एवढे आठवा.