प्रसिद्ध झालेली स्क्रिप्ट का बदलायची नाही?

पोस्टग्रेसमध्ये २०११ पासून, म्हणजे ९.१ पासून, 'क्रिएट एक्स्टेन्शन' आहे. समजा, तुमच्या एक्स्टेन्शनची १.० आवृत्ती लोकांनी बसवली आणि मग एका फंक्शनमध्ये चूक सापडली. १.० चीच स्क्रिप्ट दुरुस्त करू, असं वाटतं ना? नको. आधी बसवलेल्यांकडे जुनं फंक्शन राहतं, नव्यांकडे दुरुस्त. आकडा मात्र दोघांकडे १.०! उत्तरं वेगळी आली तर कारण शोधायचं कुठे?

म्हणून १.० वरून १.१ वर नेणारी वेगळी स्क्रिप्ट लिहा. 'आल्टर एक्स्टेन्शन अपडेट' अशा स्क्रिप्ट्स जोडून वाट काढतं. पीजी-डंपच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये फंक्शनं नसतात, आवृत्तीही नसते. फक्त 'क्रिएट एक्स्टेन्शन'ची ओळ असते. तेव्हा शोधनिबंधात आवृत्ती लिहाच.