या हातातून त्या हातात

मॉस्को विद्यापीठात व्लादिमीर ब्रागिन्स्की यांच्या गटाने कृत्रिम नीलमाच्या स्फटिकावर एक मोजमाप केलं होतं. स्फटिकाचा दंडगोल बारीक धाग्याच्या फासात आडवा टांगायचा, निर्वातात त्याला कंप द्यायचा आणि तो कंप किती वेळ टिकतो ते पाहायचं. घंटेचा नाद जितका लांबेल तितकी धातूची घडण चांगली, तसाच हा प्रकार. कंप जितका जास्त टिकेल तितका ‘क्यू’ नावाचा आकडा मोठा. मॉस्कोने आकडा छापला, पद्धतही छापली. पाश्चात्त्य प्रयोगशाळांना मात्र तो आकडा जवळजवळ वीस वर्षं मिळाला नाही, त्यामुळे रशियनांच्या मोजमापावरच शंका घेतली जाऊ लागली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्लासगो विद्यापीठातल्या मंडळींनी मॉस्कोच्या शास्त्रज्ञांसोबत एकाच टेबलाशी काम केलं, तेव्हा कोडं सुटलं. धागा कोणता घ्यायचा, चिमट्यात तो कसा धरायचा, लांबी कुठवर कमी-जास्त करत राहायचं, हे सगळं समोर बघून उमगलं. धाग्याला अगदी किंचित वंगण लागतं. ते किती, हे दाखवताना रशियन पाहुणे धागा स्वतःच्या नाकावरून ओढत, कारण त्वचेचा तेवढा तेलकटपणा पुरे होई. निबंधात असा हात कसा उतरवणार? शिवाय आकडा लगेच येत नाही, एकेका मापनाला धीर धरावा लागतो, हा धडाही त्यांच्याबरोबर बसूनच मिळाला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी हा प्रकार ग्लासगोत जवळून पाहिला आणि 2001 साली त्यावर लिहिलं. प्रयोग जमायला किती वेळ लागला, किती वेळा फसला, हेही निबंधात नोंदवावं, अशी त्यांची सूचना आहे. मला ती फार मोलाची वाटते. आधीच्यांना किती खटपट करावी लागली हे ठाऊक असलं, तर नवखा माणूस दहाव्या अपयशाला हात टेकत नाही.

नीलमाची ही सगळी उठाठेव गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्रांच्या आरशांसाठी होती. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ने अशी लहर पहिल्यांदा टिपली. त्यातले आरसे अखेर सिलिकाचे झाले. प्रत्येकी 40 किलोचा आरसा केसाच्या काही पट जाडीच्या काचतंतूंवर टांगलेला असतो आणि हे तंतू ओढण्या-जोडण्याचं तंत्र मुख्यतः ग्लासगोतच वाढलं. आता तसंच केंद्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारची मंजुरी, खर्च सुमारे 2600 कोटी रुपये. पुण्याची ‘आयुका’, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था त्यात आहेत. यंत्राचे बरेच भाग तयार येतील, आराखडेही येतील. पण तंतू जोडताना हात कुठे हलका करायचा हे आराखड्यात कसं येणार? ‘लायगो’च्या अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या केंद्रांत आपल्या तरुण अभियंत्यांनी महिनोन्‌महिने काम करणं हा चैनीचा दौरा नव्हे. प्रकल्पाच्या खर्चात तो काँक्रीटइतकाच आवश्यक धरायला हवा.

हात निघून गेले की काय होतं, याचा दाखला अमेरिकेच्या अण्वस्त्र-उद्योगात आहे. ओक रिजच्या कारखान्यात ‘फॉगबँक’ नावाचं एक गुप्त द्रव्य 1989 पर्यंत बनत असे. पुढे ते पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा नोंदी अपुऱ्या निघाल्या, आणि जाणकार जवळजवळ सगळे निवृत्त झालेले किंवा नोकरी सोडून गेलेले. नव्या कारखान्यात तयार झालेला माल जुन्यासारखा होईना. बऱ्याच तपासानंतर कळलं, की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि गुण तिच्यामुळेच यायचा. नवी शुद्धीकरणाची पद्धत ती काढून टाकत होती. जुन्या लोकांनाही त्या अशुद्धीचं महत्त्व माहीत नव्हतं. त्यांच्या पद्धतीत ती आपोआप सांभाळली जात होती, एवढंच.

यावर उपाय म्हणून संस्था संगणकावर माहितीकोश उघडतात. ‘नासा’कडे असा धडे नोंदवण्याचा कोश होता. प्रकल्पप्रमुख तो नेमाने वापरत नाहीत, असं अमेरिकी लेखापरीक्षकांनी जानेवारी 2002 मध्ये लिहून दिलं. पुढच्याच वर्षी 1 फेब्रुवारीला ‘कोलंबिया’ यान कोसळलं, कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. अपघाताचं कारण कोशात शोधणं बरोबर नाही. पण चौकशी मंडळानेही 1986 च्या ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघाताची आठवण काढत, ही संस्था आपल्या चुकांतून शिकत नाही, असाच ठपका ठेवला.

उलट उदाहरण झेरॉक्सचं. कंपनीच्या पॅलो अल्टो संशोधन केंद्रातले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर हे यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. छापील पुस्तिका अडखळली की ही माणसं एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगत आणि त्यातूनच निदान निघे, हे त्यांना दिसलं. पुढे या युक्त्यांसाठी ‘युरेका’ नावाचा संग्रह उभा राहिला आणि तो चालला. प्रत्येक युक्ती आधी जाणत्या तंत्रज्ञांच्या नजरेखालून जाई आणि तिच्याखाली सांगणाऱ्याचं नाव असे. आपल्या माणसांत आपलं नाव होणं, ही ओढ मोठी असते.

आपल्या सरकारी प्रयोगशाळांत निबंध मोजतात, पेटंटं मोजतात. काच फुंकणारा, निर्वातपंप सांभाळणारा, वर्कशॉपमधला फिटर यांच्याकडून चार विद्यार्थी तयार झाले, हे कुठल्या रकान्यात बसतं? महिनाअखेरीला शाल-श्रीफळ मिळतं, खुर्ची रिकामी होते आणि नवी नेमणूक होईस्तोवर यंत्रावर कव्हर चढतं. निवृत्तीआधी निदान वर्षभर वारसदार त्याच टेबलाशी हवा. त्या वर्षाचा दुहेरी पगार ही उधळपट्टी आहे असं वित्तविभागाला वाटेल, तर त्याने एकदा बंद पडलेल्या यंत्रांची यादी मागवावी आणि शेवटचा चालवणारा कधी गेला, ते त्यापुढे लिहून घ्यावं.