१४ पायऱ्या, लिफ्ट नाही

सकाळी ७.३०
मिरजेतलं पहिल्या मजल्यावरचं फिजिओथेरपी क्लिनिक. मावशींनी केर काढला, शेकाच्या पिशव्यांची टाकी चालू केली. पाणी ७० अंशांपर्यंत जायला वेळ लागतो. मग मेणाचं भांडं. काल धुतलेले टॉवेल अजून दमट आहेत. ते पंख्याखाली पसरले.

८.४५
मॅडम आल्या. तीन खाटा, करंटचं मशीन, भिंतीवर बोटांची शिडी. एका वेळचे ३०० रुपये, घरी जाऊन ५००. दुपारी वेबसाइट करणारा मुलगा येणार आहे. त्यानं १२,००० सांगितलेत. म्हणजे ४० वेळांची फी.

९.१०
गुडघा बदललेल्या आजी. सहा आठवडे झालेत. मॅडम कोन मोजायचा गोनिओमीटर लावतात. ९५ अंश. "मागच्या सोमवारी ८८ होता, आजी." खुर्चीतून नीट उठायला एवढा वाकावाच लागतो. आजींना मांडी घालायचीय. मॅडम खोटी आशा लावत नाहीत. टाच धरून पुन्हा गुडघा वाकवायला लावतात.

१०.३०
फोन थांबत नाही. टेबलावरची ताई प्रत्येक प्रश्न वहीत उतरवते, मॅडमनीच सांगितलंय. लिफ्ट आहे का? करंट दुखतो का? एक्स-रे आणू? साडीवर चालेल? अथणीहून निघालोय, एक वाजता कुणी असेल का? मला विचाराल तर वेबसाइटचा आराखडा या वहीतच तयार आहे.

१.१५
घरभेट. अर्धांगवायू झालेले काका. काकांच्या कमरेला पट्टा, मॅडमचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकलेला. उठायचं, थांबायचं, बसायचं. मॅडमचा ड्रेस पाठीला चिकटतो.

२.३०
मुलगा लॅपटॉप उघडतो. वर मोठ्ठा फोटो, परदेशी बाई, पांढरी खोली. खाली 'शंभर टक्के आराम'.

"हे काढ. असं वचन मी कुणालाच देत नाही."

मॅडम वही पुढे ठेवतात. आधी पत्ता, वेळ, सुट्टीचा वार. फोन नंबर असा, की बोट लावलं की लागला पाहिजे. मग फी. मग १४ पायऱ्या, लिफ्ट नाही. चढवत नसेल तर आधी फोन करा, घरी येऊ. नोंदणी क्रमांक. मजकूर मराठीत, अथणीकडच्यांसाठी एक पान कन्नडमध्ये. फोटो आपल्याच खोलीचे आणि हलके, एसटीत बसलेल्यालाही उघडतील असे. लेखी परवानगीशिवाय पेशंटचा चेहरा नाही.

मुलगा म्हणतो, कंबरेचे व्यायाम टाकू, लोक बघतात. मॅडम थांबतात. न तपासता सगळ्यांना एकच व्यायाम कसा द्यायचा? त्याऐवजी त्या लिहायला सांगतात: कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर आमच्याकडे न येता तडक हॉस्पिटल गाठा. पेशंट दुसरीकडे पाठवणारी ही ओळ मला अख्ख्या आराखड्यात सगळ्यात मोलाची वाटते.

शेवटी व्यवहार. डोमेन मॅडमच्या नावावर, पासवर्ड त्यांच्याकडे. वेळ बदलली तर ताईला बदलता आली पाहिजे. निम्मे पैसे आज, निम्मे काम झाल्यावर.

५ ते ८
तिन्ही खाटा भरलेल्या. जखडलेले खांदे, मानेची चमक, शिवणकामानं धरलेली पाठ.

८.२०
मुलानं कच्चं पान पाठवलंय. शेवटचे पेशंट, सत्तरीचे शेतकरी, चप्पल घालतायत. मॅडम मोबाइल त्यांच्या हातात देतात. "बाबा, यातनं मला फोन लावा बघू." बाबा चष्मा सारखा करतात. बोट फोटोवर दाबतात, मग नावावर. नंबर खाली आहे, बारीक अक्षरात. तिथवर ते जातच नाहीत.

मॅडम मुलाला लिहितात: नंबर वर घे. अक्षर दुप्पट कर. उद्या बाबा परत येणारेत, त्याआधी पाठव.