लाइट गेली की कॅमेरा का झोपतो?



आता बऱ्याच गावांत ग्रामसंघाच्या गोदामावर, डाळमिलवर, दूध संकलनावर मोबाईलमध्ये दिसणारे कॅमेरे लागलेत. सोबत इन्व्हर्टरही असतो. तरीही बैठकीला गेलं की एक तक्रार हमखास येते, "ताई, लाइट गेली की कॅमेरा बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद. इन्व्हर्टर मग घेतला कशाला?"

मी एमएसडब्ल्यू शिकलेली, वायरमन नाही. पण एका गावातल्या प्रसंगामुळे मला हे शिकावंच लागलं.

तिथे गोदामात तुरीची दोन पोती कमी भरली. रेकॉर्डिंग बघितलं तर नेमका रात्रीचा तासभर गायब. किल्ली जिच्याकडे असते त्या ताईंकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या बैठकीला त्या मागे जाऊन बसल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली. बारा वर्षं गटात असलेली बाई! मग आम्ही मागच्या पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग काढलं. ज्या ज्या रात्री लाइट गेली, त्या त्या रात्री असाच खड्डा होता. म्हणजे कॅमेरा कोणी बंद केला नव्हता, तो आपोआप बंद पडत होता.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आधी वही, मग वायरमन. आठवडाभर लिहा: लाइट किती वाजता गेली, कॅमेरा कधी बंद पडला, कधी परत आला, दिवस होता की रात्र. या वहीतूनच दोष कळतो.

१. लाइट जाताक्षणी एकदाच बंद पडतो, एक-दोन मिनिटांत परत येतो

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला क्षणाचाही छोटा भाग लागतो. तेवढ्यात बल्ब नुसता लुकलुकतो, पंखा तर फिरतच राहतो. पण कॅमेरा म्हणजे आतून छोटा कॉम्प्युटर. तो एकदा पडला की पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं.

बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक बटण असतं. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको' लिहिलेलं. ते यूपीएसवर असलं की बदल लवकर होतो. मात्र तुमच्याकडे व्होल्टेज कायम कमी असेल तर यूपीएसवर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर उतरेल. तसं झालं तर बटण परत नॉर्मलवर करा आणि कॅमेऱ्यासाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. तो ॲडॅप्टर आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसतो. घेताना व्होल्ट कॅमेऱ्याइतकेच आहेत ना, ते बघा.

ॲडॅप्टर जुना असेल तर तोही एवढा छोटा खंड सोसत नाही. बदलून बघा.

२. इन्व्हर्टरवर थोडा वेळ चालतो, मग सारखा बंद-चालू होतो

इथे संशय बॅटरीवर. पंखा, ट्यूब, मोबाईलचे चार्जर सगळं काढा. फक्त कॅमेरा आणि राउटर ठेवा. आता नीट चालला तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्यावर भार जास्त आहे. बॅटरीतल्या पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा बोअरचं नाही.

३. रात्रीच बंद पडतो, लाइट असतानाही

मग इन्व्हर्टरला दोष देऊ नका. अंधार पडला की कॅमेऱ्यातले रात्री बघायचे दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. ॲडॅप्टर कमी ताकदीचा असेल किंवा ॲडॅप्टरपासून कॅमेऱ्यापर्यंतची वायर लांब आणि बारीक असेल तर तेवढा करंट पोचत नाही. ड्रिपची नळी फार लांब टाकली की शेवटच्या झाडाला थेंब थेंब येतं ना, तसंच. बारीक वायर ३० मीटर ओढली तर १२ व्होल्टमधले दोन-अडीच व्होल्ट वाटेतच संपू शकतात.

ओळखायचं कसं? कॅमेरा खाली काढून त्याच ॲडॅप्टरला जवळून जोडा आणि खोलीत अंधार करा. चालला तर दोष वायरीचा. जाड वायर टाका, नाहीतर ॲडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. तरीही बंद पडला तर ॲडॅप्टर बदला. नव्या ॲडॅप्टरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १२ च्या जागी ९ किंवा २४ व्होल्टचा लावू नका.

४. कॅमेऱ्याचा दिवा चालू, पण मोबाईलवर दिसत नाही

राउटर कुठल्या बोर्डावर आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या बोर्डावर असतो. लाइट गेली की राउटर झोपतो. कॅमेरा बिचारा जागाच असतो.

याचा आणखी एक घोटाळा होतो. काही कॅमेरे बंद पडले की तारीख विसरतात आणि इंटरनेट मिळेपर्यंत थेट १९७० साल दाखवतात. रेकॉर्डिंग होतं, पण चुकीच्या तारखेखाली जाऊन बसतं. आमच्या त्या गायब तासातला बराचसा भाग १९७० मध्येच सापडला! त्यात गोदामाचं दार बंदच दिसत होतं. म्हणून रेकॉर्डिंग नाही म्हणण्याआधी जुन्या तारखा उघडून बघा.

हे मात्र करू नका

- कॅमेऱ्याचं बारीक 'रीसेट' बटण दाबू नका. पासवर्ड, वायफाय, सगळी सेटिंग जाते.
- लाइट गेली म्हणून उघड्या वायरीला हात लावू नका. इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये तेव्हाही २३० व्होल्ट असतात, शॉक बसतो. बोर्ड आणि बटणाचं काम वायरमनकडूनच करून घ्या.
- बॅटरीजवळ काडी, दिवा, उदबत्ती नको. आतलं पाणी म्हणजे ॲसिड आहे. डोळे आणि लुगडं, दोन्ही सांभाळा.
- कारण कळायच्या आधी नवा कॅमेरा घ्यायचा ठराव करू नका. पैसा गटाचा आहे.

दुरुस्ती झाली की सगळ्यांसमोर तपासा. रात्रीच्या वेळी इन्व्हर्टरकडे येणारी लाइट बंद करा, अर्धा तास थांबा, परत चालू करा. मग मोबाईलवर तो अर्धा तास सलग दिसतो का आणि तारीख बरोबर आहे का, ते बघून वहीत सह्या करा. महिन्यातून एकदा हे केलंत तरी पुरे.

त्या गावात दोन पोत्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. आता पोती दोघीजणी मिळून मोजतात आणि दोघी सही करतात. किल्ली मात्र ग्रामसंघाने ठराव करून त्याच ताईंकडे परत दिली. त्यांनी लगेच घेतली नाही. अध्यक्षताई उठून त्यांच्याजवळ गेल्या, हात धरून त्यांना पुढे आणून बसवलं, तेव्हा घेतली.

कॅमेरा बंद पडणं हा यंत्राचा दोष. त्यावरून बाईला दोषी धरणं हा आपला. पहिला दोष वायरमन काढेल, दुसरा आपल्यालाच काढायचाय.

तुमच्या वहीत काय निघालं ते पुढच्या बैठकीत सांगा. मी येतेच आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक