रायपूरच्या मैदानावरचे वर्तुळाचे समीकरण
वर्तुळाचे समीकरण म्हणजे अंतराचे सूत्रच. केंद्र (अ, ब) आणि त्रिज्या त्र असेल, तर (क्ष − अ)² + (य − ब)² = त्र².

रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर २१ जानेवारी २०२३ रोजी भारत–न्यूझीलंड एकदिवसीय सामना झाला. अशा सामन्यातले ‘तीस यार्डांचे वर्तुळ’ खरे तर पूर्ण वर्तुळ नसतेच! दोन्ही टोकांच्या मधल्या स्टंपभोवती ३० यार्ड त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या दोन सरळ रेषा, अशी ती सुंदर आकृती असते.

खेळपट्टी २२ यार्डांची. तिचा मध्य आरंभबिंदू मानला, की उजवे केंद्र (११, ०) आणि अर्धवर्तुळ (क्ष − ११)² + य² = ९००, क्ष ≥ ११. डावीकडे (क्ष + ११)² + य² = ९००, क्ष ≤ −११. सरळ रेषा य = ±३०, −११ ≤ क्ष ≤ ११.

उजव्या समीकरणाचा विस्तार क्ष² + य² − २२क्ष − ७७९ = ०. इथे केंद्र लपते. −२२ निम्मे करून चिन्ह बदलले, की ११ परत हाती येतो.